एका सख्ख्या बहिणीत वायरिंग

मिरजेच्या सुकुमारअण्णा तेरदाळ्यांच्या घराचं वायरिंग नवं करून द्यायला बाबासो मगदूम वायरमनने एक सख्खी बहीण सांगितली, आणि हा भाव रास्त आहे की मगदूम आपल्याला बनवतोय, हे अण्णांना काही केल्या कळेना.

कळणार तरी कसं? वांग्याचा भाव रोज विचारला जातो, वायरिंगचं काम माणूस जन्मात एकदा काढतो. चुलत भावाला काय येतं ते पोरंसोरंही सांगतील: गच्चीवरची पाण्याची टाकी, नळासकट. मावसभावात स्कूटरचं इंजिन उघडून मिळतं. आत्तेबहिणीला जरा जास्त येतं, कारण ती लग्नकार्यात रुसते, आणि रुसणारं माणूस टिकतं असं लोक मानतात. पण सख्खी बहीण कुणी सहसा मोडत नाही. त्यामुळं तिचा भाव कुणाच्या तोंडी नसतो, आणि वायरमन लोकांचं फावतं.

व्यवहार तसा सरळ आहे. दिलेलं नातं पुरतं जातं. त्या दिवसापासून त्या माणसाच्या घरची पत्रिका समोरच्याला जाते, सुतक समोरच्याला लागतं, भांडणसुद्धा समोरच्याशीच होतं. तुम्ही रस्त्यात भेटलात तर ओळखीचे, एवढंच. बायको आणि पोटची मुलं व्यवहारात चालत नाहीत; तसं कुणी विचारलं तर लोक तोंडावर दार लावतात आणि बरंच करतात. बाकी सगळं चालतं.

अण्णांकडं एके काळी गोतावळा भरपूर होता. पण हात सैल! पाटबंधारे खात्यात कारकुनी करता करता त्यांनी तीन मामा मुलीच्या लग्नाच्या हॉलला घालवले. दोन चुलत भाऊ परसातल्या बोअरला दिले. बोअरला पाणी लागलं नाही आणि भाऊही परत मिळाले नाहीत. निवृत्त झाले तेव्हा हाताशी म्हणण्यासारखी दोनच नाती राहिली होती. एक कागवाडचा शाळासोबती पाटील, आणि एक थोरली बहीण, जयसिंगपूरची त्रिशलाअक्का.

आता वायरिंग टाळावं म्हटलं तर तेही जमणार नव्हतं. घर अण्णांच्या वडिलांनी बांधलेलं, लाकडी पट्टीवरच्या तारा त्यांच्याच वेळच्या. मिक्सर लावला की हॉलमधला दिवा पिवळा पडायचा. अण्णांची बायको विजयमाला फ्रीजला हात लावायच्या आधी पायात रबरी चपला घालायची आणि णमोकार म्हणायची, आणि तरी झटका बसायचाच. त्यात मुलगी सन्मती पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तान्हं बाळ अशा घरात कसं आणायचं?

म्हणून मगदूमला बोलावलं. त्यानं टेस्टर पेनासारखा खिशाला अडकवला होता. घरभर फिरून बोर्ड ठोकले, माळ्यावर डोकं घातलं आणि आतूनच च्यक् च्यक् केलं.

"अण्णा, हे समदं काढायचं," खाली उतरून तो म्हणाला. "भिंतीत पाईप, तांब्याची वायर. आन अर्थिंगला नवा खड्डा मारून कोळसा-मीठ घालायचं. आत्ता तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई, म्हणून वैनीस्नी झटका बसतोय."

"किती होईल?"

मगदूमनं भिंतीकडं बघितलं, मग छताकडं, मग अण्णांकडं. "एक सख्खी बहीण."

"अख्खी?"

"सख्खी म्हटल्यावर अर्धी कशी चालंल?"

"अरे, बंगला नाही बांधायचा मला. वायरिंग आहे नुसतं. हे तर नाकापेक्षा मोती जड झालं!"

"तांब्याचा भाव बघा की कुठं गेलाय."

घासाघीस केल्याशिवाय अण्णांनी कधी कोथिंबीर घेतली नव्हती. ते म्हणाले, "असं करू. राखी तुझी, भाऊबीज माझी."

मगदूमला ते लागलं. "तसलं फुटकळ काम मी करत न्हाई, अण्णा. उद्या तिच्या घरी काय वाईट झालं तर रडायला कुणी जायचं? तुम्ही अर्धं आन मी अर्धं?"

मगदूमनंच मग आवाज खाली आणला. "बाच्या हट्टापायी मी माझी थोरली बहीण प्लॉटच्या कंपाऊंडात घातली. भिंत अजून खडी हाय, बघा येऊन. पण भाऊबीजेला माझं कपाळ मोकळं ऱ्हातंय. बहीण पायजे म्हणून सांगतोय. न्हायतर ह्या कामाला मी दोन मामा घेतले असते. तुमचा विश्वास नसंल तर पोतदारांकडं नात्याचा कस लावून घ्या. बहीण कामापेक्षा जास्त भरली तर वरचं परत देतो. एक मावशी हाय माझ्याकडं सुट्टी. चांगली हाय, लोणची घालते."

अण्णांनी आणखी दोघांना बोलावून पाहिलं, शहाणा माणूस पाहतोच. बाजारातल्या एका ठेकेदारानं मामाच मागितले, आणि मामा तर संपलेले. कुपवाडहून आलेला एक जण नुसत्या भाच्यावर तयार होता. भाचा म्हणजे अक्काचाच मुलगा. अण्णा जरा घुटमळले, पण त्यानं पिशवीतून काढलेली वायर विजयमालेनं बोटानं दोनदा वाकवली आणि ती तुटूनच हातात आली.

"या वायरीनं भाचाही जाईल आणि घरही जाईल," ती म्हणाली. "पाठवा त्याला परत."

उरला मगदूम. विजयमालेला भाव सांगितला तेव्हा तिच्या हातातली पळी खाली पडली.

"अक्का? अहो, शुद्धीवर आहात का?"

"अगं, द्यायची थोडीच आहे! पोतदारांचा नियम माहीत आहे ना? बहीण कामाच्या दुप्पट भरली तर ती मोडता येत नाही. वायरमनला दुसरं काही तरी घ्यावं लागतं, आणि त्याला नाहीही म्हणता येत नाही. अक्काचा कस लागू दे एकदा. दुप्पट काय, दहापट भरेल. मग कागवाडच्या पाटलात भागतंय सगळं."

"आणि नाही भरली तर?"

अण्णांना हसू आलं. "विजा, अक्का आहे ती. अक्का!"

असा त्यांचा हिशेब होता, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यात खोट नव्हती. बहिणीवर त्यांचा जीव होता. ते खोटं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

मिरजेहून जयसिंगपूर म्हणजे काही काशी नाही. एसटीत बसून शेंगा फोडायला घ्याव्यात, शेंगा संपायच्या आत गाव येतं. तरी अण्णांना तिकडं जाऊन बरेच दिवस झाले होते. किती, ते त्यांना सांगता आलं नसतं. वाटेत त्यांनी पेढे घेतले.

"आलास व्हय रे सुक्या! वाट चुकलास की काय?" अक्कानं दारातच त्यांच्या पाठीवर धपाटा घातला. तिचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगा कारखान्यात फिरत्या पाळीवर. घरात ती एकटीच होती. तिनं बिनकांद्याचं भडंग केलं, कारण अण्णांना तेच आवडतं. चहा केला. अण्णांचा कप भरून त्यांच्यापुढं ठेवला आणि स्वतःचा एका लहान पातेल्यातून वेगळा गाळून घेतला. पेढ्याचा पुडा देवापुढं ठेवला. अण्णा टीव्हीवरच्या बातम्या बघत होते.

मग सांगायची वेळ आली. घराचं सांगून झालं, फ्रीजचं सांगून झालं, सन्मतीचं झालं.

"करून घे की मग," अक्का म्हणाली. "कितीत म्हणतोय?"

अण्णा भडंगातले शेंगदाणे वेचत राहिले.

"म्हणजे मी," अक्का म्हणाली.

"देणार नाहीये गं! कस लावायला तेवढं यावं लागेल. तू जास्त भरणार, मग आपोआप सुटशील."

"भरणारच की." अक्कानं त्यांच्या ताटलीत आणखी भडंग वाढलं. "वायर कसली घालणार म्हणतोय?"

"तांब्याची."

"मग ठीक हाय. अॅल्युमिनियमला मी यायची न्हाई, आधीच सांगते." आणि ती डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. अण्णाही हसले. किती दिवसांनी दोघं असं हसत होती, आणि कशावर, तर बघा!

उठून तिनं पेटीतलं जरीकाठी लुगडं काढलं. "साधं नेसून गेलं तर भाव पाडून सांगतील," ती म्हणाली. निघताना कमरेला हात लावून जरा थांबली. अण्णा तोवर रिक्षा बघायला पुढं गेले होते.

पोतदारांची पेढी मिरजेच्या सराफ कट्ट्यावर आहे. पूर्वी ते सोन्याचा कस लावायचे, आता बरीच वर्षं नात्याचा लावतात. कसोटीचा काळा दगड अजून गादीवर असतो, पण तो आता पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून. मगदूम आधीच येऊन स्टुलावर बसला होता. अक्का आत आली तसा तो उठून उभा राहिला आणि स्टूल तिच्याकडं सरकवलं. तिनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. बघणारच, तिचाही प्रश्न होता.

पोतदारांनी चष्मा पुसला. "तेरदाळे, सुरुवात तुमच्यापासून. ताईंचा गुडघा कुठला दुखतो?"

"गुडघा?" अण्णा गडबडले. "उजवा. उजवा असावा."

"ताई?"

"गुडघे चांगले हायत माझे," अक्का म्हणाली. "कंबर जाते."

गुडघ्याचं विचारायची पोतदारांची रीतच आहे. घरचं माणूस लगेच म्हणतं, गुडघा नव्हे हो, कंबर. अण्णांना ती रीत ठाऊक नव्हती.

"चहात साखर किती घेतात?"

हे अण्णांना येत होतं. ते एकदम खुलले. "दोन चमचे! वर थोडी जास्तच. लहानपणी गुळाचा खडा चोरून खायची, मार खायची, पुन्हा खायची."

अक्का बाहेर रस्त्याकडं बघायला लागली. पोतदार थांबले होते, म्हणून तिला बोलावं लागलं. "हे गेले त्या वर्षी साखर निघाली मला. तवापासून बिनसाखरेचा."

अण्णांना ते लहान पातेलं दिसलं. देवापुढं ठेवलेला पुडाही दिसला.

"त्यांनी तुमच्याकडं शेवटचं काय पाठवलं?"

"पाठवलं असं काही... नाही बुवा."

"श्रावणात शेंगाची चटणी दिलती," अक्का हळूच म्हणाली. "तुझ्या भाच्याच्या हातून. डबा आला की परत."

चटणी अण्णांना आठवली. रोज भाकरीबरोबर खाल्ली होती. झक्कास झाली होती. कुणी केली, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

मग पोतदारांनी अक्काला विचारलं. सुकुमारची सकाळची गोळी कशाची, तर रक्तदाबाची, आणि ती घेतल्यावर त्याला गरगरतं, म्हणून तो अंघोळ उशिरा करतो. गवार खात नाही, पण बायकोला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. अजून ढग गरजले की रेडिओ मोठा करतो. बोअरला पाणी लागलं नाही तेव्हा परसात जाऊन एकटाच बसला होता. सांगताना अक्काला आठवावं लागत नव्हतं.

"हे तुला कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"विजयमाला फोन करते की."

पोतदार मान हलवत होते. "ताईंकडून बघितलं तर चोख आहे. काही बघायलाच नको. पण ताई विकत नाहीयेत. विकणारे तुम्ही. कस विकणाऱ्याच्या बाजूनंच घ्यायचा असतो."

अण्णा हातघाईवर आले. "अहो, पण तुम्ही लहानपणीचं काही विचारलंच नाहीत! अंकलीच्या मळ्यातून शाळेला जायला ओढा लागायचा. पावसाळ्यात ही मला खांद्यावर घेऊन पलीकडं पोचवायची. स्वतः गळ्याएवढ्या पाण्यात, आणि माझं दप्तर डोक्यावर! म्हशीकडं बघायला कुणी नव्हतं म्हणून हिला सातवीतून काढली आणि मला ठेवला. मला विषमज्वर झाला तेव्हा ही उशाशी बसून होती. हे कशात धरणार तुम्ही?"

"ती घडणावळ," पोतदार म्हणाले.

"काय?"

"घडणावळ, तेरदाळे. दागिना करताना ती पडते. मोडताना कुणी धरत नाही. ती सगळी ताईंनी केलेली आहे, आणि सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण मोडीला आतलं सोनं बघतात. ते तुमच्या बाजूनं पडायचं होतं."

पोतदारांनी डोळे मिटून मनाशी जमवाजमव केली आणि सांगितलं, "हॉल आणि स्वयंपाकघर. व्हरांड्याचा दिवा ओढून-ताणून बसेल. बाकी घर नाही. अर्थिंग तर नाहीच नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मगदूमचा भाव जास्त आहे हे सिद्ध करायला अण्णा आले होते, आणि भाव कमीच होता असं निघालं. वायरमन नुकसानीत काम करत होता! मगदूम बिचारा स्वतःच शरमला. "ऱ्हाऊ द्या ओ पोतदार. मी अख्खं घर धरलंय, शब्द दिलाय."

"तसं चालत नाही, बाबासो. तू आज कमी घेतलंस तर उद्या सगळे सख्खी बहीण घेऊन अख्खं घर मागतील. फरक भरावा लागेल."

अण्णा ताडकन उठले. "मला वायरिंगच नको! जळू दे ते घर. अक्का, चल. ऊठ."

अक्का उठली नाही.

"चल ना गं."

"कुठं चल?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाजारात नेलेली म्हस भाव आला न्हाई म्हणून परत आणतात, तशी नेणार व्हय मला? ह्या सगळ्यांच्या म्होरं ठरलं, हॉल आन सैपाकघर. आता तुझ्या घरी आले तर तू मला कुठं बसवणार, सुक्या? माजघरात पाऊल टाकताना मला वाटंल, हितलं माझ्यात बसलं न्हाई."

"अक्का, माझं चुकलं. मी येत जाईन. दर आठवड्याला येईन."

"येशील रे. कस लागल्यावर समदेच येतात." तिनं लुगड्याचा पदर सारखा केला आणि पोतदारांकडं वळली. "सन्मती येणार हाय. बाळंतीण बिनअर्थिंगच्या घरात घ्यायची न्हाई. फरक माझ्याकडनं घ्या. धाकटी जाऊ हाय माझी, उदगावची. विचारा काय विचारायचं ते. गुडघा म्हणाल तर डावा. चहा घेतच न्हाई, दूध घेते, आन सायीला तोंड वाकडं करते."

जावेत उरलेलं घर बसलं. अर्थिंग बसलं, माळाही बसला. वर थोडं उरलं, त्यात मगदूमनं बाळाच्या पाळण्यावर एक पंखा कबूल केला.

अण्णा तिथंच बाकावर बसून रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. पोतदारांनी त्यांना पाणी दिलं. पेढीत तांब्या भरलेलाच असतो. अक्कानं पदर उचलला होता त्यांचे डोळे पुसायला, पण तोवर व्यवहार झाला होता. तिनं पदर खोचून घेतला आणि मगदूमला विचारलं, "तुझं घर कुठल्या बाजूला रे, बाबासो?"

काम मगदूमनं चोख केलं, नाव ठेवायला जागा नाही. भिंती फोडल्या तशा बुजवल्या, रंगाचा हात दिला, बोर्डावर कुठलं बटण कशाचं ते खडूनं लिहून ठेवलं. विजयमाला आता अनवाणी फ्रीज उघडते. मिक्सर लावला तरी हॉलमधला दिवा हलत नाही. सन्मती आली, बाळंत झाली, मुलगी झाली.

"आत्या कशी नाही आली बघायला?" तिनं विचारलं.

"ती आता मगदूमांकडं असते," विजयमाला म्हणाली आणि पोरीला तेल लावत राहिली.

"हो का?" सन्मतीनं पाळण्यावरच्या पंख्याकडं बघितलं. "आवाज अजिबात येत नाही गं याचा."

दिवाळी आली. भाऊ नसलेल्या बाईनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं अशी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. बहीण नसलेल्या पुरुषाची त्यांनी काही सोय केलेली नाही. अण्णा सकाळपासून अंघोळ करून, नवा सदरा घालून व्हरांड्यात बसले होते. जेवले नाहीत. विजयमाला दोनदा बोलवायला आली आणि दोन्ही वेळा तशीच परत गेली.

दुपारी अण्णांनी मगदूमला फोन केला. व्हरांड्याचा दिवा लागत नाही, गॅरंटी आहे ना तुझी? आता खोटं कशाला बोला, बल्ब त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ढिला केला होता.

मगदूम आला तो स्कूटरवर, आणि मागं अक्का. दोघं बाजारात निघाली होती, तिची ओवाळणी घ्यायला. मगदूमच्या कपाळावर ताजं कुंकू होतं, त्याला अक्षता चिकटलेल्या. तो जाईल तिथं त्या न पुसता मिरवत होता.

"नमस्कार, तेरदाळे," अक्का पायरीवरून म्हणाली. "बरं हाय न्हवं समदं? बाळ-बाळंतीण?"

"बरी आहेत," अण्णा म्हणाले. "बसा. चहा तरी घ्या. दिवस मावळायला वेळ आहे अजून."

ते स्वतः आत गेले. विजयमालेला बाजूला करून लहान पातेलं शोधलं, त्यात वेगळा चहा टाकला. कप दोन्ही हातांनी धरून बाहेर आणला आणि अक्कापुढं ठेवला. पाठीला लावायला उशीही आणली. "कमरेला लागेल," ते म्हणाले. "चहात साखर नाही घातलेली."

अक्कानं एक घोट घेतला. "कळलं," ती म्हणाली.

त्या घटकेला पोतदारांनी कस लावला असता तर अक्का अख्ख्या घराच्या दुप्पट भरली असती. पण गेलेल्या नात्याचा कस लावत नाहीत. अण्णा तिच्यासमोर उभे राहिले. बोलायचं पुष्कळ होतं, पण ओळखीच्या बाईशी माणूस किती बोलणार?

"नुसता बल्ब ढिला होता ओ अण्णा," स्टुलावरून मगदूम म्हणाला. "वायरिंगला काय झालेलं न्हाई."

अक्कानं बल्बकडं बघितलं, मग अण्णांच्या हातांकडं. बोटांना होल्डरची धूळ होती. तिचा ओठ जरासा हलला. मग तिनं कप खाली ठेवला, रिकामा. "चल बाबासो. दुकानं मिटतील."

मगदूमच्या खांद्याला धरून ती स्कूटरवर बसली, जपून, कमरेच्या बाजूनं. स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली तरी अण्णा फाटकात उभे होते.

शेजारचे कुंभार कुंपणावरून वाकले. "काय अण्णा, मगदूमचं काम कसं काय? आमच्याकडं पण बघून गेला. एक सख्खा भाऊ सांगतोय. जास्त होतंय का ओ?"

अण्णांनी त्यांच्याकडं वळून बघितलं. "तुमचा भाऊ चहात साखर किती घेतो?"

"घ्या!" कुंभार हसले. "आता ते कुणाला ठाऊक?"

"मग भाव रास्त आहे," अण्णा म्हणाले. "देऊन टाका."

ते व्हरांड्यात आले. रिकामा कप उचलला आणि दिव्याचं बटण दाबून बघितलं. दिवा लागला.